डोंगर, गायरान आणि ओढ्याच्या कामासाठी देणगी: सातारा-सांगलीतल्या गावांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांतल्या गावांना प्रस्ताव लिहायला आम्ही काही जण मदत करतो. फोनवर, व्हॉट्सअॅपवर, ग्रामसभा उठल्यावर चहाच्या टपरीवर तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘निसर्गाधारित उपाय’ म्हणजे काय? आम्ही इतकी वर्षं पाणलोटाची कामं करतोय, तेच का हे?

बऱ्याच अंशी तेच. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, २०१६ मध्ये याची व्याख्या ठरवली आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेनेही एक व्याख्या मान्य केली. दोन्हींचा गाभा सारखा आहे. दुष्काळ, पूर, उष्णता अशा माणसांच्या अडचणीवर तोडगा निघायला हवा आणि त्याच कामातून माती, पाणी, झाडझाडोरा, पशुपक्षी यांचंही भलं व्हायला हवं.

माथ्यावर सलग समतल चर काढले, चरांच्या भरावावर गवताचं बी टाकलं, घळीत अनघड दगडी बांध घातले, तर ते काम यात बसतं. ओढ्यावरचा नुसता सिमेंट बंधारा उपयोगाचा असेल, पण या नावाखाली त्याला पैसे मागू नका. बोअरच्या पाण्याने भरलेलं प्लास्टिकचं शेततळं तर अजिबात बसत नाही. जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी वर काढून आपण ते माणदेशाच्या उन्हात ठेवतो.

२. अशा कामाला पैसे देतं तरी कोण?

जगाचा हिशोब आधी पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये अशा कामांवर साधारण २०० अब्ज डॉलर खर्च झाले आणि त्यातले ८२ टक्के सरकारांचे होते. जगभरच्या दानातला हवामानबदल रोखण्याच्या कामाला मिळणारा वाटाही २ टक्क्यांच्या आतच आहे. देणगीचा पैसा थोडा आहे, हे धरूनच आखणी करायची.

आपल्याकडे तो तीन वाटांनी येतो. पहिली वाट कंपन्यांच्या सीएसआरची, म्हणजे त्यांना कायद्याने समाजकार्यावर कराव्या लागणाऱ्या खर्चाची (प्रश्न ४). दुसरी प्रतिष्ठानांची. बंगळुरूचं रेनमॅटर फाउंडेशन हवामान आणि परिसर-पुनरुज्जीवनाच्या कामांना पैसे देतं, पाण्याच्या कामासाठी रोहिणी नीलेकणींनी २००१ मध्ये ‘अर्घ्यम’ सुरू केलं, गाळ काढण्याच्या कामात एटीई चंद्रा फाउंडेशन महाराष्ट्रात बरीच वर्षं आहे.

तिसरी वाट आपल्या अंगणातून जाते आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. विटा, आटपाडी, खानापूर, खटाव या पट्ट्यातले गलाई बांधव सोन्याचांदीच्या धंद्यासाठी देशभर पसरले आहेत. पाटण-जावळीची माणसं मुंबईत माथाडी कामात आहेत. यात्रेला, मंदिराच्या कळसाला ही मंडळी मोकळ्या हाताने देतात. डोंगरासाठी त्यांच्याकडे कुणी नीट कागद घेऊन गेलेलं नसतं. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, गाव भरलेलं असताना, त्यांना प्रत्यक्ष डोंगरावर न्या.

३. सरकारी योजना असताना देणगी कशाला मागायची?

सरकार ज्याला पैसे देत नाही त्यासाठी. चर खोदणं, बांध घालणं, रोपं लावणं ही कामं रोजगार हमीतून होऊ शकतात. ही कल्पनाच महाराष्ट्राची, १९७७ च्या कायद्याची. पण गावात महिनोन् महिने बसून वाड्यावस्त्यांची समजूत घालणारा कार्यकर्ता, गवत राखणारा राखणदार, विहिरींच्या नोंदी, तिसऱ्या उन्हाळ्यातलं पाणी, फुटलेल्या बांधाची डागडुजी यांना योजनेत रकाना सापडणं अवघड असतं. देणगी तिथे लावा.

जोडकामाचं चांगलं उदाहरण म्हणजे ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’. २०१७ मध्ये ही सरकारी योजना सुरू झाली तेव्हा डिझेल सरकारचं, यंत्र देणगीदाराचं आणि गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा, अशी विभागणी होती. तिघांचाही पैसा गुंतल्यामुळे कामावर तिघांचंही लक्ष राहतं.

४. सीएसआरचा कायदा नेमका काय आहे? आमच्या जवळच्या साखर कारखान्याला तो लागू होतो का?

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची मागच्या आर्थिक वर्षातली नेट वर्थ (मालमत्ता वजा देणी) किमान ५०० कोटी, किंवा उलाढाल किमान १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा किमान ५ कोटी रुपये असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. सातव्या परिशिष्टात पर्यावरणाचा समतोल, वनस्पती-प्राण्यांचं रक्षण, शेतीवानिकी, माती आणि पाणी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा म्हणतो.

कारखाना सहकारी असेल तर तो सहकार कायद्याखाली नोंदलेला असतो, कंपनी नसतो, म्हणून कलम १३५ त्याला लागू होत नाही. तिथे वाट सभासदांच्या वार्षिक सभेतून जाते. खासगी कारखाना कंपनी असतो. तो वरच्या निकषांत बसला तर त्याला कायदा लागू.

५. ग्रामपंचायतीच्या खात्यात थेट पैसे घेता येतात का? आमच्याकडे नोंदणीकृत संस्था नाही.

कंपनी ज्या संस्थांमार्फत सीएसआरचं काम करून घेऊ शकते त्यांची यादी नियमांत आहे: कलम ८ ची (नफा न वाटणारी) कंपनी, नोंदणीकृत सार्वजनिक न्यास किंवा सोसायटी, आणि सरकारने वा कायद्याने स्थापन केलेल्या संस्था. न्यासाकडे आयकर खात्याचं १२-ए (संस्थेला करमाफी) आणि ८०-जी (देणगीदाराला करसवलत) हवं आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ ची नोंदणीही लागते.

म्हणून काल नोंदवलेल्या गावच्या संस्थेला उद्या सीएसआर मिळत नाही. घाईने संस्था काढू नका. अनुभवी संस्थेशी करार करा आणि त्यात ग्रामसभेचा शब्द लिहून घ्या: कामाची जागा ग्रामसभा ठरवेल, प्रत्येक हप्त्याचा हिशोब ग्रामसभेत वाचला जाईल. कंपनी थेट ग्रामपंचायतीशी बोलायला तयार असेल तर पैसे येण्याआधी तिच्या कंपनी सेक्रेटरीचं लेखी मत मागून ठेवा.

६. आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. ती चालेल?

अंमलबजावणी संस्था म्हणून नाही. ती नफा वाटू शकणारी कंपनी आहे, कलम ८ ची नव्हे. रोपवाटिकेची रोपं किंवा गवताचं बी तिने रीतसर बिलाने पुरवायला मात्र हरकत नाही.

७. परदेशातल्या प्रतिष्ठानाने पैसे देऊ केलेत. एखाद्या एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याची सरकारी नोंदणी) असलेल्या संस्थेकडून आमच्याकडे वळते करून घेता येतील का?

नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीला देणं बंद झालं. ज्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी आहे तिनेच पैसे घ्यायचे आणि तिनेच काम करायचं. पैसे सर्वप्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. ‘माझ्या वैयक्तिक खात्यावर पाठवा, मग बघू’ असं कुणी सुचवलं तर तिथेच थांबा. हा गुन्हा आहे.

८. प्रस्तावात काय लिहू? ‘दहा हजार झाडं’ लिहिलं की देणगीदार लगेच तयार होतात, असं ऐकलंय.

तयार होतात, हे खरं. आम्हीही आमच्या पहिल्या प्रस्तावात आकडाच लिहिला होता. जुलैत रोपं लागली, फोटो निघाले, पैसे संपले. होळीपर्यंत बहुतेक रोपांच्या जागी वाळक्या काड्या उरल्या होत्या. पाणी घालायला माणूस नव्हता आणि माणसाचा पगार प्रस्तावात नव्हता. ते खड्डे आजही त्या उतारावर दिसतात.

तेव्हापासून आम्ही गावाला सांगतो, खड्ड्यांसाठी पैसे मागू नका, वर्षांसाठी मागा. पहिलं वर्ष बोलण्याचं आणि मोजण्याचं: शिवारफेरी, नकाशा, कुठल्या घळीत किती पाणी धावतं, कुणाची जनावरं कुठे चरतात. दुसऱ्या वर्षी माती-पाण्याची कामं, माथा ते पायथा या क्रमाने. रोपं लावायची असतील तर त्यानंतर. मग किमान तीन उन्हाळ्यांची राखण. राखणदाराचा पगार, टँकर, गवत कापणी, डागडुजी हे सगळं वेगवेगळ्या ओळींत लिहा. ‘किरकोळ’ म्हणून एका आकड्यात कोंबू नका. देणगीदार आधी हीच ओळ खोडतो आणि कामाचा जीव तिथेच असतो.

इथे एक गैरसमज कायम आड येतो. ‘सीएसआरमध्ये पगाराला ५ टक्क्यांच्या वर मिळत नाही’ असं कंपनीची माणसंही सांगतात. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवरचा थेट खर्च तिच्यात धरला जात नाही. गावातल्या कार्यकर्त्याचं मानधन प्रकल्पाचाच खर्च आहे. हे सौम्य शब्दांत, पण नक्की सांगा.

९. सीएसआर तर एका वर्षाचाच असतो ना? मार्चपर्यंत खर्च दाखवा म्हणतात.

कंपनीच्या संचालक मंडळाने ‘सुरू असलेला प्रकल्प’ म्हणून मान्यता दिली तर सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षं तो चालू शकतो. त्या वर्षात न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवायची, एवढी अट आहे. म्हणजे वरच्या उत्तरातलं वेळापत्रक बऱ्याच अंशी कायद्यात बसतं. ते पहिल्याच बैठकीत मागावं लागतं, कारण मार्चमध्ये कुणाला वेळ नसतो. आपला प्रस्ताव दिवाळीच्या आधी कंपनीच्या टेबलावर हवा. मातीकाम उन्हाळ्यात होतं आणि मृगाच्या आत संपावं लागतं.

१०. आमचा माळ उघडा बोडका आहे. तिथे झाडं लावलीच पाहिजेत ना?

बहुतेक वेळा नाही, आणि हे सांगताना आम्हाला सगळ्यात जास्त विरोध होतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, दहिवडीला पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात. पूर्वेकडचा माळ हा कुणीतरी तोडलेलं जंगल असतोच असं नाही. कित्येक ठिकाणी तो मुळातच गवताचा आहे. पवन्या, कुसळी, मारवेल, अधूनमधून बोर, हिवर, बाभूळ. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल याच माळावर जगतात. सरकारी नकाशांत त्याला ‘पडीक’ म्हटलं गेलं आणि देणगीदारांनी तोच शब्द उचलला. तिथे दाट ग्लिरिसिडिया किंवा निलगिरी लावली की गवत जातं, मेंढरांचा चारा जातो आणि पाऊस कमी पडला की झाडंही जातात. गवताची मुळं माती धरून ठेवतात आणि कार्बनचा मोठा वाटा जमिनीखाली साठवतात, वणव्यातही तो बराचसा टिकतो.

मग सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरला झाडं लावणं कसं जमलं, असं लगेच विचारलं जातं. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उभं राहिलेलं ते अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झालं. डोंगररांगेची ती जागा मोकळ्या माळापेक्षा वेगळी, आणि तिथे वर्षानुवर्षं राखण झाली. रोपांचा आकडा बघायला जाऊ नका, राखणीचा इतिहास विचारायला जा.

ओळखायची सोपी खूण: गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या मेंढपाळाला विचारा, तुमच्या लहानपणी इथे काय होतं? तो झाडांची नावं घेऊ लागला तर झाडं, गवतांची घेऊ लागला तर गवत.

११. देणगीदार म्हणतो पाच वर्षं चराईबंदी करा. धनगर वस्ती तयार नाही. काय करायचं?

वस्तीचं बरोबर आहे, इथून सुरुवात करा. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन ही आदर्श गावची सूत्रं आपल्याकडे रुजली आणि त्यातून पुष्कळ गावं उभी राहिली. पण चराईबंदीची किंमत प्रत्येकाने सारखी मोजली नाही. बागायतदाराच्या विहिरीला पाणी आलं, आणि ज्याचं सगळं घर माडग्याळ मेंढरांच्या कळपावर चालतं त्याला गाव सोडून लांब जावं लागलं. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याला वाढलेल्या भूजलाचा काय उपयोग?

आम्ही सुचवतो ते असं. गायरानाचे तीन-चार तुकडे पाडायचे आणि एका वेळी एकच बंद ठेवायचा. बंद तुकड्यातलं गवत बी पडल्यानंतर कापून न्यायचा पहिला हक्क मेंढपाळांचा. राखणदार त्याच वस्तीतला. बंदीच्या काळातल्या चाऱ्यासाठी प्रस्तावात स्वतंत्र ओळ. ठरावावर वस्तीतल्या बायकांच्याही सह्या, कारण कोकरं बघणं आणि घरी राहिलेली जनावरं सांभाळणं त्यांच्याकडे असतं. हे मान्य नसलेल्या देणगीदाराला आम्ही एकदा नकार दिला होता. ते पैसे गेले, आणि त्याचं वाईट वाटत नाही.

१२. जागा नेमकी कुणाची हे कसं बघायचं?

सातबारा काढा, गट नकाशा बघा. वनजमीन असेल तर वनविभागाशिवाय फावडंही लावू नका. संयुक्त वनव्यवस्थापन समिती असेल तर तिच्यामार्फत जा. गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव आणि महसूल खात्याशी बोलणं, दोन्ही हवं. खासगी पोटखराबा (लागवडीस अयोग्य जमीन) असेल तर सगळ्या खातेदारांची लेखी संमती, पुण्या-मुंबईतल्या भावांसकट. गायरानावर कुणी भूमिहीन कुटुंब कसत असेल तर ‘हवामानाच्या कामासाठी’ त्याला हुसकावण्याच्या भानगडीत देणगीचा पैसा पडू देऊ नका.

१३. काम झालं, विहिरींना पाणी आलं, आणि लोकांनी ऊस लावला. आता देणगीदार नाराज आहे.

त्याची नाराजी रास्त आहे. हा प्रश्न काम सुरू होण्याआधी सोडवायचा असतो. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, प्यायचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, उरलेल्यावर पिकं ठरवायची. हिवरे बाजारने हे वर्षानुवर्षं केलंय. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तुम्हीही गावातल्या आठ-दहा विहिरी त्याच महिन्यांत मोजा आणि आकडे चावडीवर लिहा.

समान पाणीवाटपाचा धडा आपल्याकडेच आहे. खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीत येरळेवर बळीराजा धरण बांधलं. नदीतली थोडी वाळू विकून त्यातून पैसा उभा केला आणि पाण्यावर सगळ्यांचा सारखा हक्क मानला. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने २०१६ मध्ये पहिला वॉटर कप (पानी फाउंडेशनची गावांची जलसंधारण स्पर्धा) जिंकला, तेव्हाही आधी श्रमदान झालं, बक्षीस मागाहून आलं. वाटपाचा ठराव नसलेल्या गावाला आम्ही प्रस्ताव लिहून देत नाही.

१४. कार्बन क्रेडिट देणारी कंपनी आलीय. ही देणगीच का?

नाही, हा विक्रीचा व्यवहार आहे. देणगीदार पैसे देतो आणि मालकी मागत नाही. क्रेडिट घेणारा तुमच्या झाडांनी शोषलेल्या कार्बनचा दावा विकत घेतो. करार कित्येक दशकांचे असतात, पुढच्या पिढीची कुऱ्हाड तुम्ही आज बांधून देता. मराठीतला करार, पहिल्या पैशाची तारीख, झाडं वाळली तर जबाबदारी कुणाची, या तीन गोष्टी हातात आल्याशिवाय सही करू नका. देणगी म्हणून पैसे देऊन वर क्रेडिटही स्वतःच्या नावावर मागणाऱ्यापासून जास्त जपा.

१५. आमच्याकडे पाऊसच पाऊस आहे (पाटण, जावळी, शिराळा). आम्हाला काही मिळेल?

मिळायला हवं. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे, कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प होतो. इथलं काम म्हणजे असलेलं टिकवणं: देवराई, सड्यावरचे (कातळ पठारावरचे) पाणवठे, ओढ्याकाठची जुनी झाडं. टिकवण्याचा फोटो निघत नाही म्हणून पैसा कमी येतो. जुलै २०२१ मध्ये आंबेघर आणि मिरगावात दरडी कोसळल्या, माणसं गेली. ‘झाडं लावू, दरड थांबेल’ असं मात्र कुणाला लिहून देऊ नका. झाडांची मुळं वरची माती धरतात, खोलवरून सुटणारा उतार धरू शकत नाहीत. तिथे भूवैज्ञानिकाची पाहणी आणि वेळेवर स्थलांतर हाच मार्ग आहे.

१६. कृष्णाकाठच्या पुराला असा उपाय आहे का?

अर्धा. काठावर वाळा, करंज, उंबर असतील तर काठ कमी ढासळतो. ओढे-नाले मोकळे आणि पूरक्षेत्र भरावाशिवाय राहिलं तर पाण्याला पसरायला जागा मिळते. पण २०१९ सारखा पूर झाडांनी अडत नाही, आणि तसं वचन देऊन पैसे घेणं सांगलीकरांशी अप्रामाणिकपणा ठरेल.

१७. ज्या कारखान्यामुळे आमचा ओढा घाण होतो, त्याचेच पैसे घ्यावेत का?

आमचं मत, घेऊ नयेत. प्रदूषण थांबवणं हे त्याचं कायदेशीर कर्तव्य आहे, त्यासाठी देणगीचं कौतुक नको. ग्रामसभेने घ्यायचे ठरवलेच तर प्रदूषण मंडळाकडची तक्रार मागे घेण्याची अट करारात नाही ना, हे प्रत्येक पान वाचून बघा.

१८. गलाईवाल्या पाहुण्यांनी रोख रक्कम दिली. ८०-जीची पावती देऊ का?

रोख २,००० रुपयांच्या वर असेल तर त्यांना करसवलत मिळत नाही. बँकेतून घ्या. नव्या करप्रणालीत असलेल्यांना ही सवलत मुळातच नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पावतीचा मजकूर सीएकडून तपासून घ्या.

१९. काम फसलं तर पैसे परत मागतात का?

करारातल्या कामावर पैसे लागले असतील आणि हिशोब चोख असेल तर फसलेल्या पावसासाठी कुणी पैसे परत मागितल्याचं आम्ही पाहिलेलं नाही. परत मागतात ते लपवल्यावर. दुष्काळ पडला, वणवा लागला, बांध फुटला, तर त्याच आठवड्यात कळवा. फुटलेल्या बांधाचा फोटो पाठवा, उरलेली रक्कम सांगा, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती डागडुजीला वापरायची परवानगी मागा. आमच्या एका गावात नाल्यावरचा बांध फुटल्याचं सरपंचबाईंनी त्याच दिवशी फोन करून देणगीदाराला सांगितलं. तो माणूस पुढच्या रविवारी गावात आला, फुटलेल्या जागी तासभर बसला, आणि जाताना त्याने राखणदाराचा पगार आणखी दोन वर्षांसाठी लिहून दिला.